समुद्राकडे तोंड केलेली पावलं

इथले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात एक्स-रे काढायला पाठवते. मी फिजिओथेरपिस्ट, मालवणात माझं क्लिनिक आहे. गुडघ्याखालचा पाय हा माझा प्रांत… पोटरी, नडगी, घोटा, टाच. पेशंट दारातून आत येतो तेव्हाच निम्मं निदान झालेलं असतं. भुताखेतांना माझ्याकडे अपॉइंटमेंट मिळत नाही. तरीही हे लिहिते आहे.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावर माझी मावशी राहते. तिचा एकुलता एक मुलगा संदेश पहाटे छोटी होडी घेऊन एकटाच गेला आणि सकाळी होडी तेवढी उलटी होऊन खडकांपाशी आली. मी आदल्या दिवशीच तिच्याकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी धावत किनाऱ्यावर पोचलो तर माणसं जमली होती. ओहोटीने नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूत एकाच माणसाची पावलं होती, बोटं समुद्राकडे.

"संदेश पोवन वर इलो आणि जाळ्यापायी परत पाण्यात गेलो," शेजारचा बाबल्या म्हणाला. पोरं शोधायला होड्या लोटत होती.

मी पावलांपाशी उकिडवी बसले. माणूस पुढे चालतो तेव्हा टाच आधी टेकते, मग चवडा वाळूला मागे ढकलतो. इथे वाळू पुढे ढकललेली होती आणि दोन्ही टाचा चांगल्या खोल रुतल्या होत्या. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढताना माणसं दोर धरून, मागे रेलून उलटी चालतात ना… अगदी तसं.

"हा पाण्यात गेलेला नाही, पाण्यातून आलाय. उलटा चालत, काहीतरी जड ओढत. वरच्या सुरूच्या बनात बघा."

"खात्री आसा तुका?" मावशीने विचारलं. मी चुकले असते तर तिचा मुलगा तिकडे बुडाला असता.

"आसा," मी म्हटलं.

संदेश बनातच सापडला. जिवंत होता, पण अर्धवट शुद्धीत. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. मग मी त्याचा उजवा पाय पाहिला. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडलेली, पाऊल बाहेर वळून लोंबत होतं. असा पाय एका पावलाचाही भार घेत नाही. वाळूत मात्र दोन्ही टाचा सारख्याच रुतल्या होत्या. त्याच्या काखांखाली दोराचे लालभडक वळ होते. दोर कुठेच नव्हता, आणि कुणाला ओढत आणल्याची रेघही वाळूत नव्हती.

आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. वाळूतल्या डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. संदेशची करंगळी सरळ आहे. मी दोनदा बघितली.

ऑपरेशन झालं, नडगीत रॉड बसला. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "रापण चल्ली आसा असा वाटला. कोणतरी दोर ओढी होतो."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशीने मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "डाव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटार चढलेली होती मां गो?"

करंगळी तशी होती ती माझ्या काकांची, मावशीच्या नवऱ्याची. जन्मभर रापण ओढली त्यांनी. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी मानेनेच हो म्हटलं.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. माझं सगळं शास्त्र लावून बघितलं, आणि ते शास्त्रच मला त्या माणसापाशी नेऊन सोडतं. तुमच्यापैकी कुणाला दुसरं काही सुचलं तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

मावशी मात्र स्पष्टीकरण मागत नव्हती. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "इतक्या जड झिलाक एकट्या बापाशीन ओढल्यान… टाचो सोलवटल्यो आसतल्यो मां तेच्यो?"

मी तिचा हात धरला. "आसतल्यो गो मावशे," मी म्हटलं.