एका फेरीसाठी बायनाबाईनं काढलेली लीद

माझी आत्या बायनाबाई विहिरीवर गेली की आधी दोर धुवायची आणि मग घागर बुडवायची. आम्ही कुणबी माणसं. सोवळं-ओवळं आमच्या घरात नव्हतं. पण घाणीची तिला मनापासून शिसारी होती. शेणात हात घालायची, कारण शेण गाईचं आणि सारवणाचं. बाकी कुणाचं नाक वाहताना दिसलं तरी पुढचं ताट सारून उठायची. बायका तिला ‘राणीसरकार’ म्हणून चिडवायच्या. अशी बाई चार वर्षं देशमुखाच्या पागेत घोड्यांची लीद काढत राहिली, आणि त्याचं कारण मी होते. चाळीस वर्षं मी तोंडाला रंग लावून लोकांपुढे उभी राहिले, दुसऱ्यांची दुःखं खणखणीत आवाजात सांगितली, पण हे कधी बोलले नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जिंतूर तालुक्यात पूर्णेच्या काठी आमचं गाव. आई मला आठवत नाही. घरात वडील भुजंग आणि त्यांची थोरली बहीण बायनाबाई. तिचं सासर वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी मुलखात होतं. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली, त्याला दोनच वर्षं झाली होती.

सातव्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण पायांत जीव राहिला नाही. काडीसारखे पाय घेऊन मी दिवसभर उंबऱ्यात बसून असे. उभं केलं की रडायची, सोडलं की बसायची. फक्त सकाळी देशमुखांचं बदामी तट्टू पाण्याला जायचं, तेव्हा मी चौकट धरून आपोआप उठायची. आत्यानं ते आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी तिनं मला काखोटीला मारलं आणि गढीवर गेली.

व्यंकटराव देशमुख ओसरीवर पान खात बसले होते. घोड्यांचा मोतद्दार महिन्याभरापूर्वी हैदराबादला पळाला होता, आणि पागेचा वास ओसरीपर्यंत यायचा.

“मालक,” आत्या म्हणाली, “तट्टाखालची लीद मी काढते. खरारा करते, पाणी दाखवते. पैसा नगं. पोरीला रोज नदीपत्तर एक फेरी पायजे.”

देशमुख हसले. “राणीसरकार लीद काढणार?”

“काढते की.”

“भुजंगाला विचारलंस का?”

“तो काय लीद काढणार हाय व्हय?”

ओसरीवरची माणसंही हसली. तट्टू देशमुखांनी आपल्या मुलासाठी, माणिकरावासाठी घेतलं होतं, आणि माणिकराव त्याला इतका घाबरायचा की ते खिंकाळलं तरी आत पळायचा. नाटकात दुष्टालासुद्धा एखादं बरं वाक्य द्यावं लागतं, म्हणून सांगते, देशमुख त्या दिवशी म्हणाले, “जनावर रिकामंच उभं आहे, बसू दे पोरीला.”

दुसऱ्या दिवशी आत्या पागेत शिरली. मला तिनं दारातल्या दगडावर बसवलं होतं. महिन्याभराची लीद मुतात भिजून काळी झाली होती. वरची साल फावड्यानं उचलली की खाली पांढऱ्या अळ्या वळवळत. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. आत्या पदरानं नाक बांधून दोन टोपल्या भरायची, मग भिंतीमागे जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि तिसरी टोपली भरायची. तीन दिवस हे असंच चाललं. चौथ्या दिवशी ती ओकली नाही. पण घरी आल्यावर राखेनं, चिंचेनं, कडुनिंबाच्या पाल्यानं हात घासायची, तरी वास जात नव्हता. जेवताना घास तोंडाकडे नेताना ती श्वास रोखून धरायची. ते मी पाहिलं आहे.

आणि मी तट्टावर बसायची. खोगीर नव्हतं, पाठीवर घोंगडी टाकलेली. पडू नये म्हणून त्याच्या पोटाला पाय आवळून धरावे लागत. पहिल्या दिवशी गढीच्या वेशीपर्यंतच पाय टिकले. श्रावण संपेतो नदीच्या उतारापर्यंत टिकू लागले. आत्या लगाम धरून पुढे, मी वर. वाटेत बायका म्हणायच्या, “काय गं कमळे, वरात कुठं निघाली?” मी मान ताठ करायची. लोकांनी आपल्याकडे पाहावं याची चटक मला तिथंच लागली, हे कबूल करते.

मग दसरा आला. त्या दिवशी गढीवर घोड्यांची पूजा व्हायची. घोडे धुऊन, गळ्यात झेंडूच्या माळा घालून उभे करायचे, आणि गढीची कामं करणाऱ्या घरांना देशमुख आपल्या हातानं एकेक खण किंवा धोतर द्यायचे. वडील कापूस घेऊन मानवतला गेले होते. कारभारी किशनरावांनी आत्याला हाक मारली. देशमुखांनी हिरवा खण पुढे केला. आत्यानं तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मला त्याचा झंपर शिवायचा, हे तिच्या मनात होतं.

वडील तिसऱ्या दिवशी परतले. खण खुंटीवर दिसला तसे ते बैलगाडी न सोडताच आत आले.

“आक्का, हे कुणी दिलं?”

“मालकांनी. दसऱ्याचं.”

“आन तू घेतलं?”

“मग? लाथाडू?”

वडील खाली बसले. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं की दसऱ्याला गढीवरचा खण घेतला म्हणजे वेठ पत्करली. वेठ म्हणजे बिनमोबदल्याचं काम, आणि खण घेतलेल्या घरानं ते करतच राहायचं. आत्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. वऱ्हाडात खण मिळाला तर तो खणच असायचा.

दुसऱ्या सकाळी किशनराव दारात उभे. “बायनाबाई, एक तट्टू न्हाई, पाचही घोडी. आन गढीची गुरं बी बघायची हायेत.”

“आन पोरीची फेरी?”

“वेठीत फेरी कसली बाई?”

खण परत न्यायला ती निघाली तेव्हा वडिलांनी तिचा हात धरला. परत करणं म्हणजे देशमुखांच्या तोंडावर फेकणं. शेताची वाट गढीच्या रानातून जायची, ती बंद झाली असती. आत्या पाच घोड्यांची लीद काढू लागली. मी पुन्हा उंबऱ्यात बसले. पंधरा दिवसांत पाय पूर्वीसारखे लुळे पडू लागले. रात्री आत्या ते चोळायची, आणि मी तोंड फिरवायची. तिच्या हातांना घाण वास यायचा. खोटं कशाला सांगू, मला तिची किळस येत होती.

शेवटी ती मला घेऊन पुन्हा ओसरीवर गेली. त्या दिवशी परगावचे चार पाहुणे जेवून पान लावत बसले होते.

“मालक, काम करायलेच मी. पाचाचं करते. पर पोरीचे पाय जायलेत. फेरी तेवढी द्या.”

देशमुखांनी पाहुण्यांकडे पाहिलं. “बसवा तिला. पाहू काय करते ते.”

मला अंगणात तट्टावर बसवलं. देशमुख म्हणाले, “पोरी, पाहुण्यांना मुजरा कर.” मी केला. पाहुणे हसले. “असा नाही, वाकून.” मी तट्टाच्या मानेवर पालथी होऊन केला. ते आणखी हसले, आणि मलाही गोड वाटलं. माणसं माझ्यामुळे हसत होती. मग देशमुखांनी तोंडातलं पान थुंकलं, तबकातला पेढा उचलला, अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्याकडे फेकला. मला झेलता आला नाही. तट्टानं नुकतीच लीद टाकली होती, पेढा तिच्यात पडला.

“उतर आणि घे,” देशमुख म्हणाले. “घेतलास तर उद्यापासून रोज फेरी.”

मी उतरले म्हणण्यापेक्षा घसरले. पाय धरले नाहीत. मी गुडघ्यांवर सरपटत गेले आणि हात पुढे केला. लीद अजून कोमट होती. त्या वेळी मला काहीच घाण वाटलं नाही, आणि आज त्याचीच जास्त शिसारी येते.

आत्याचा पाय मधे आला. तिनं पेढ्यावर टाच ठेवली आणि तो लिदीत पार दाबून टाकला. मग मला उचललं.

“फेरी नगं, मालक,” ती म्हणाली.

“वेठ सुटायची नाही हं बायना.”

“वेठ करते की. त्याला कोण न्हाई म्हणायलंय?”

घरी येईपर्यंत मी तिला बोचकारलं, चावले, घाणेरडी म्हणाले. त्यानंतर किशनरावांनी दोनदा निरोप आणला की मालकांचा राग गेला, पोरीला बसू द्या. दोन्ही वेळा तिनं “आमाला नगं” म्हटलं. वडीलसुद्धा चिडले. “आक्का, पोर लुळी राहील.”

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी देशमुख शहरात निघून गेले, आणि तिची वेठ तेव्हा आपोआप सुटली. पण पोरीचं काय झालं, ते त्याच्या कितीतरी आधी, पेढा दाबला त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या एका सकाळी ठरलं होतं.

त्या सकाळी आत्यानं मला नदीच्या वाटेवर आणून उभं केलं. एका हातात पाचही घोड्यांचे दोर, दुसऱ्या हाताला मी. वीस पावलांवर मी मटकन बसले.

“ऊठ.”

“तट्टावर बसव.”

“न्हाई.”

“तुझ्या हाताला वास मारतो. मला हात लावू नको.”

तिनं माझा हात सोडला आणि घोडी घेऊन पुढे चालू लागली. मला वाटलं, वळून पाहील. तिनं पाहिलं नाही. बदामी तट्टाचं शेपूट लांब लांब जाऊ लागलं. असा संताप मला पुढे कुठल्याही भूमिकेत आणता आला नाही. तिला मारायचं एवढंच डोक्यात होतं. मी बोरीच्या झाडाला धरून उठले, ते सोडलं, पडले, पुन्हा उठले आणि लटपटत तिच्या मागे निघाले. गाठल्यावर मी दोन्ही मुठींनी तिच्या पाठीवर मारू लागले.

आत्या थांबली नाही, फक्त पावलं थोडी हळू केली.

“जोर न्हाई तुझ्यात,” ती पुढे पाहतच म्हणाली. “ये मारत मारत. नदी लय लांब न्हाई.”