पेटीचं सील

सरकारी दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन. चहाला बसलं की एक आठवतो, त्याच्या मागून दुसरा येतो. ऐकणारे हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं!

*

मंचरला ट्रेनिंग होतं, जैविक हल्ल्याचं. म्हणजे कुणी मुद्दाम रोगजंतू सोडले तर काय करायचं. जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "पहिला नियम, साबणानं हात धुवा."

आमच्या शेवाळे सिस्टर उठल्या. "साहेब, नळाला पाणी यायचा पण काय नियम हाय का?"

साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

*

मग मॉक ड्रिल. खोटा रुग्ण पाहिजे म्हणून आमच्या गणपतला स्ट्रेचरवर झोपवलं. फोटो झाले. रुग्णाला जुन्नरला हलवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, अँब्युलन्सचा ड्रायव्हर गणपतच! शेवटी रुग्ण उठला आणि स्वतःच गाडी चालवत जुन्नरला गेला.

रिपोर्टात लिहिलं, "ड्रिल यशस्वी."

*

त्यानंतर जिल्ह्याहून हल्ल्यासाठीची सीलबंद पेटी आली. सूट, मास्क, चांगले जाड ग्लोव्ह्ज. तपासणीत सील शाबूत दिसलं पाहिजे, असा हुकूम. इकडं साधे ग्लोव्ह्ज संपलेले आणि बाई बाळंतपणाच्या टेबलावर! सिस्टरनी पेटीतले ग्लोव्ह्ज मागितले तर आमचे डॉक्टर म्हणाले, "ते हल्ल्यासाठी आहेत."

"मग बाळाला सांगा, थांब म्हणावं!"

*

आणि एक दिवस बबनराव आले. बेल्ह्याजवळचे शेतकरी. त्यांचा बैल अचानक मेला होता, नाकातून रक्त येऊन. यांनीच ओढून नेऊन पुरला. आता मनगटावर काळी खपली, हात कोपरापर्यंत सुजलेला, अंगात ताप.

सिस्टर बघताक्षणी म्हणाल्या, "काळपुळी हाय ही." ट्रेनिंगमध्ये हल्ल्याचा जंतू म्हणून अँथ्रॅक्स सांगितला होता, तीच; मेलेल्या जनावरापासूनही होते. उशीर झाला तर माणूस जातो.

डॉक्टरांनी वर फोन लावला. वरून प्रश्न आला, "हल्ला आहे की नैसर्गिक? नैसर्गिक असेल तर पेटी उघडू नका."

अरे, समोर माणूस तापानं फणफणतोय आणि यांना सीलची काळजी!

सिस्टरनी कात्री घेतली, सील कापलं, ग्लोव्ह्ज चढवले. एक जोडी माझ्याकडं फेकली. मी नमुना घेतला, त्यांनी इंजेक्शन सुरू केलं.

पाचव्या दिवशी सूज उतरली. सिस्टर बबनरावांचं ड्रेसिंग करत होत्या, तेवढ्यात जीप आली. ट्रेनिंगवाले साहेब दारातूनच गरजले, "सील कुणी तोडलं? ही नोटीस घ्या!"

सिस्टर उठल्या. जखम पुसलेला, ग्लोव्ह्ज घातलेला हात तसाच पुढं केला.

"द्या की साहेब."

साहेब नोटीस घेऊनच जीपमध्ये जाऊन बसले!