परत आलेली पाळी

"लोणचं तू काढून घे गं. मी बाजूला आहे," आई म्हणाली आणि डबा भरता भरता माझा हात थांबला.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आईची पाळी तर त्याच्याही आधी बंद झालेली. भाईंदरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये बाजूला बसायला जागा ती कुठली? तरी रत्नागिरीहून आणलेला रिवाज तिने पुन्हा सुरू केला होता, खिडकीखाली चटई टाकून. समोरच्या गुजराती बेन दारातूनच म्हणाल्या, "अरे वा, आप तो फिर से जवान हो गई!" आई लाजून हसली. मी नाही हसले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. त्याचा तोरा होता मला, अजूनही आहे. वर्षानुवर्षं बंद असलेली पाळी अशी परत येत नसते, एवढं मला कळत होतं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"विटाळात? शी! थांबू दे, मग जाऊ."

ते थांबेना. चार दिवस बरे गेले की आई न्हायची, देवाला दिवा लावायची, आणि पुन्हा चटई. ऑफिसात माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "थांबायची वाट बघशील, तर तूच राहणार नाहीस."

"कॉलेजात हेच शिकवलं का, आईशी बोलायला?"

"हेच शिकवलं. चप्पल घाल."

डॉक्टरबाईंनी तपासलं, आतला तुकडा काढून लॅबमध्ये पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी उगाच कपाटं आवरत होते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पण लवकर सापडलाय, ऑपरेशन होईल, बाई म्हणाल्या. मग सांगितलं, ह्याच्या मुळाशी बहुतेक एक विषाणू असतो, शरीरसंबंधातून येणारा.

आईने पदर तोंडाशी धरला. "अहो, ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली!"

"तो अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, आजी. खूपजणींना होतो आणि आपोआप जातो. एखादीच्या अंगात राहतो. कुणाकडून, कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. लाजण्यासारखं काही नाही."

रिक्षात ती माझ्यापासून अंग चोरून बसली. घरी आल्याआल्या तिने स्वतःचं ताट वेगळं काढलं, टॉवेलसुद्धा.

"तुला लागायला नको."

"भांड्याकुंड्यांतून नाही लागत."

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

मी तिच्या चटईवर बसले आणि तिच्याच ताटात जेवले. ती बघत राहिली. ऑपरेशनला ती अजून हो म्हणाली नव्हती.

"त्या दिवशी मी बाजूला असले तर?" तिने विचारलं.

"असशीलच. तसंच जायचंय."

ती उठली, दोन पावलं ओट्याकडे गेली, थांबली.

"मग लोणच्याच्या बरणीला फडकं नीट बांधून ठेव," ती म्हणाली. "आणि ओला चमचा घालू नकोस. मी आल्यावर बघणार आहे."