कल्याणप्पांचे दहा सेकंद

कल्याणप्पा अकरा वर्षं तात्पुरते होते. नळदुर्गकडच्या एका शाळेत ते ड्रिलमास्तर. तेवढ्या काळात शाळेचे पत्रे दोनदा उडाले, दोनदा बसले, तीन हेडमास्तर आले आणि गेले, पण हजेरीपुस्तकात कल्याणप्पांच्या नावापुढचा 'तात्पुरता' हा शब्द काही जागचा हलला नाही. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि मृग लागला की पुन्हा लागायची. मधल्या दिवसांत गावात जो भेटेल तो विचारायचा, "यंदा हाय का?" या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस किती लहान होतो हे मुस्तकिल माणसाला कळत नाही. मुस्तकिल म्हणजे कायम. निजामाच्या राज्यात हा शब्द नावापुढं लागला की माणूस सुटला. मी मुस्तकिल होतो, म्हणून मला ते उशिरा कळलं.

पंचेचाळीस साली दिवाळीनंतर हैदराबादहून हुकूम आला की येत्या हंगामात जिल्ह्यातल्या शाळांनी बास्केटबॉल खेळायचा. हा खेळ आमच्याकडं कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पोरं तयार व्हायच्या आधी पंच तयार करायचे ठरले. आमच्याकडचा कारभार असाच, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. प्रत्येक शाळेनं एक माणूस धाराशिवला आठ दिवसांच्या वर्गाला पाठवायचा होता. कल्याणप्पांना त्यांच्या हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं, पास होऊन आलात तर मुस्तकिलीची शिफारस करतो, नापास झालात तर परत यायची तसदी घेऊ नका, गुलबर्ग्याचा एक माणूस तयार आहे. कल्याणप्पांनी हे पहिल्याच दिवशी मला सांगितलं. आमच्या सतरंज्या शेजारी शेजारी होत्या.

मी मूळचा ईट गावचा, भूमच्या शाळेत गणित शिकवायचो. आमचा ड्रिलमास्तर हिवतापानं पडला म्हणून माझी वर्णी लागली. मी शेवटचा पळालो होतो तो लहानपणी, पिसाळलेलं कुत्रं मागं लागलं तेव्हा. शिट्टी वाजवायला सांगितली की माझ्या शिट्टीतून आवाजापेक्षा थुंकीच जास्त बाहेर यायची. तरी आम्ही अठरा जणांत मी स्वतःला शहाणा समजायचो. गणिताच्या मास्तरांना तो रोग असतोच.

वर्ग घ्यायला हैदराबादहून जैनोद्दीन साहेब आले होते. उंच, सडसडीत, डोक्यावर लाल रुमी टोपी, गळ्यात साखळीला लावलेलं स्टॉपवॉच. हसताना त्यांना कुणी पाहिलं नाही. सकाळी मैदानावर उलटं पळायचं, हाताच्या खुणा करायच्या आणि दुपारी खोलीत बसून उर्दूतले नियम ऐकायचे. चुकला की साहेब ओरडायचे नाहीत, नुसते त्या माणसाच्या नावापुढं काहीतरी लिहायचे. ते लिहिणं ओरडण्यापेक्षा वाईट.

सगळ्यात मोठी अडचण निघाली दहा सेकंदांची. चेंडू हातात आला की दहा सेकंदांत तो मधल्या रेघेच्या पलीकडं न्यायचा, नाही नेला तर चेंडू दुसऱ्या बाजूला. हे दहा सेकंद पंचानं मनात मोजायचे. पंचाजवळ घड्याळ नसतं, आणि असलं तरी त्यात बघत बसला तर खेळ कोण बघणार? साहेब "शुरू" म्हणायचे आणि दहा झाले की आम्ही हात वर करायचा. रसूल मास्तर परांड्याचे, त्यांचे दहा चौदावर जायचे. माझे साडेसहात आटपायचे. जन्मभर पोरांना पाढे शिकवलेला मी, आणि मला दहा मोजता येईनात.

कल्याणप्पा मात्र दहा म्हणजे दहा. पहिल्यांदा झालं तेव्हा साहेबांनी स्टॉपवॉच हलवून बघितलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा कल्याणप्पांच्या तोंडाकडं बघितलं, कारण त्यांचे ओठ हलत होते. काय पुटपुटता, असं विचारल्यावर कल्याणप्पा म्हणाले, पावलं मोजतो. ड्रिलमध्ये मिनिटाला एकशेवीस पावलं पडतात. अकरा वर्षं रोज तेच, त्यामुळं जागेवर उभं राहूनही आतल्या आत पावलं पडत राहतात. कानडीत डाव्याला एडा आणि उजव्याला बला म्हणतात. एडा-बला, एडा-बला, असं दहा वेळा झालं की दहा सेकंद. साहेबांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

आता माझं पाप सांगतो. सहाव्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या साडेसहा सेकंदांवरून सगळे हसत होते. मला राग आला. कल्याणप्पा पलीकडं रांजणापाशी पाठ करून पाणी पीत होते. त्यांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, चांदीची करंडी असायची, लिंगायत माणसाच्या गळ्यात असते तशी, आत इष्टलिंग. रोज सकाळी विहिरीवर मी ती पाहत होतो. मी म्हणालो, "अहो, पावलं कसली मोजतायत? छातीवर चांदीचं घड्याळ बांधलंय त्यांनी. त्याची टिकटिक ऐकून हात वर करतात." सगळे हसले. एकटा दादामियाँ, चहा वाटणारा शिपाई, हसला नाही. त्याला ती थट्टा वाटली नाही. ती थट्टा होती तरी का, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी सकाळी परीक्षा. कल्याणप्पांनी सहा वेळा हात वर केला आणि सहाही वेळा स्टॉपवॉचचा काटा दहावर. साहेबांनी वही मिटली. दादामियाँकडं एकदा बघितलं आणि कल्याणप्पांना विचारलं, सदऱ्याखाली काय आहे?

"लिंग हाय, साहेब."

साहेब म्हणाले, लिंग असतं हे मला माहीत आहे, पण त्या करंडीत आणखीही काही मावतं. लहान घड्याळ सहज मावतं. करंडी काढा आणि उघडून दाखवा. घड्याळ नसलं तर पास, दाखवली नाही तर नापास आणि तसा अहवाल शाळेला जाईल.

मैदानावर अठरा माणसं. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत आणि पूजेवाचून असं चारचौघांत उघडं करत नाहीत. कल्याणप्पांपुढं दोनच वाटा होत्या. दाखवायचं आणि मुस्तकिल व्हायचं, पण मग घरी बायकोला, शांतम्माला, तोंड कसं दाखवायचं? किंवा नाही म्हणायचं आणि अकरा वर्षांवर पाणी सोडायचं. तिसरी वाट माझ्याजवळ होती. मी एक पाऊल पुढं होऊन म्हणायचं होतं की साहेब, ती माझी थट्टा होती. एवढंच. मी जागचा हललो नाही. मी म्हणालो तर साहेब माझ्या नावापुढं लिहितील, हा विचार मी केला. तेवढ्या वेळात केला, आणि तो मला आजही आठवतो.

कल्याणप्पा कुणाकडंच बघत नव्हते. हात मांड्यांना चिकटलेले, ड्रिलला उभे राहावेत तसे उभे होते. बराच वेळ गेला. साहेबांनी पेन उघडलं.

मग कल्याणप्पा बोलले. "काढणार न्हाय, साहेब. हात बी लावू देणार न्हाय. पर तुमाला टिकटिकच ऐकायची हाय न्हवं? कान लावा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. हैदराबादचा अंमलदार एका तात्पुरत्या ड्रिलमास्तराच्या छातीवर डोकं टेकवणार? मला वाटलं, संपलं. पण जैनोद्दीन साहेब माणूस इमानाचा होता. संशय घेतला तो उघड, आणि तो फेडायचा तोही उघड. त्यांनी टोपी काढून दादामियाँच्या हातात दिली. गळ्यातलं स्टॉपवॉच काढून उजव्या हातात धरलं आणि तो हात लांब केला, म्हणजे त्याचीच टिकटिक कानात यायला नको. मग वाकले आणि कल्याणप्पांच्या सदऱ्यावरून करंडीला कान लावला.

त्यांनी डोळे मिटले. ऐकत राहिले. मग डोळे उघडून लांब धरलेल्या घड्याळाकडं बघत, कान तसाच ठेवून म्हणाले, "गिनो. शुरू."

कल्याणप्पांचे ओठ हलू लागले. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता, तो त्यांनी पुसला नाही. मीही मोजत होतो, माझे दहा केव्हाच संपले. रसूल मास्तरांनी माझं मनगट धरलं होतं, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग कल्याणप्पांचा हात वर गेला.

साहेब सरळ झाले. त्यांनी स्टॉपवॉच दादामियाँला दाखवलं, मग आम्हा सगळ्यांपुढून फिरवलं. काटा दहावर होता. टोपी डोक्यावर ठेवून ते आमच्याकडं वळले.

"घड़ी नहीं है," ते म्हणाले. "दिल है. और ऐसा दौड़ रहा है जैसे अभी बाहर निकल पड़ेगा. मगर गिनती नहीं दौड़ी. पंच इसको कहते हैं."

मग सगळ्यांसमोर त्यांनी कल्याणप्पांची माफी मागितली आणि वहीत पास लिहिलं. कल्याणप्पांनी सलाम केला, चार पावलं चालले आणि मैदानाच्या कडेला मटकन खाली बसले. मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी घेतलं.

पुढं फेब्रुवारीत ते मुस्तकिल झाले आणि नंतर निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, तरी नोकरी टिकली. तालुक्यातल्या पोरांच्या कितीतरी सामन्यांत ते पंच होते. त्यांनी दिलेल्या निर्णयावर भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी दुपारचं.

नळदुर्गची मोटार सुटायला वेळ होता. कल्याणप्पा पासाचा कागद सदऱ्याच्या आत ठेवून बाकावर बसले होते. मला राहवेना. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. घड्याळाची थट्टा माझी, दादामियाँनं ती खरी मानून साहेबांच्या कानावर घातली असणार, आणि सकाळी मी तोंड उघडलं नाही. त्यांनी मला मुका मार दिला असता तरी चाललं असतं.

ते म्हणाले, "ठावं हाय, मास्तर. तवा म्या पाणी पीत हुतो, पर कान उघडेच हुते."

"मग साहेबांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

कल्याणप्पांनी थोडा विचार केला. तुमचं तुम्ही सांगावं असं वाटलं, ते म्हणाले. मोटारीचा माणूस हाका मारू लागला, तसे ते उठले आणि बोचकं काखेत घेतलं.

"कान लावा म्हणायच्या आदी म्या तुमच्यासाठी दहा मोजले, मास्तर. पुरे मोजले. एक बी कमी न्हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं.