वायरचं टोक

नवऱ्यासाठी हेडफोन घ्यायला शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तीन दुकानं पालथी घातली. नवरा नुकताच निवृत्त झालेला, गाण्यांचा वेडा. प्रत्येक दुकानात त्यांनी त्याच्याच आवडीचं गाणं लावून ऐकलं.

"धमधम नको. गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला हवा."

"मग वायरवाला घ्या, मावशी. कमी पैशात आवाज चोख," दुकानदार म्हणाला.

तेव्हापासून नवरा संध्याकाळभर हेडफोन लावून मान डोलवायचा. बाई काही बोलल्या की कानाकडे बोट दाखवायचा. रमलाय म्हणून त्याही गप्प बसायच्या.

एकदा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला त्याचा फोन वाजला. नणंदेचा होता. तो घेऊन बाई बाहेर आल्या, तर नवरा डोळे मिटून डोलतच होता. वायरचं टोक शर्टाच्या खिशात होतं. त्यांनी ते ओढलं. नुसतं टोकच हातात आलं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.

"आत्ताच संपलं गाणं," तो म्हणाला.

"वन्सं, दादांशी बोला," म्हणत बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि हेडफोन काढून घेतला. तो आपल्या फोनला जोडून, गाणं लावून त्या शिलाई मशीनवर बसल्या. गाणाऱ्याचा श्वास अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

थोड्या वेळाने त्याने चहा मागितला. बाईंनी कानाकडे बोट दाखवलं.