गाडीतली बारीक शिट्टी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या स्पोर्ट्स कारच्या आत फार गोंगाट व्हायचा. म्हणून दारांत, डिकीत, सीटखाली आवाज दाबणाऱ्या शीट लावून घेतल्या. आज आमच्या गावी, मालेला जाऊन दादांना, म्हणजे वडिलांना, हौसेनं शेजारी बसवलं. खरंच, टायरसुद्धा ऐकू येईना.

तेवढ्यात एक बारीक शिट्टी ऐकू आली. मी काचेचं रबर दाबून पाहिलं, एसी बंद केला. शिट्टी चालूच.

ती दादांच्या छातीतून येत होती.

"कधीपासून?"

"लई दिस झालं. तू घरी आलास की म्हनून तर टीव्ही मोठा करतुया."

आणि मी दर खेपेला खेकसायचो, "दादा, कान गेले का तुमचे?"

उद्या डॉक्टरकडे नेतोय. तुम्ही आज घरातला टीव्ही जरा बंद करून बघाल का?