स्टिअरिंगवरचं लाल फडकं

“आजी, या भुताखेतांच्या अनुभवांच्या पानावर लिहिणारे सगळे आधी सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता,” असं सई मला म्हणाली. तरी मला तेच लिहावं लागणार, कारण खरं तेच आहे. मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे जबलपूरच्या सदर भागातल्या एका शाळेत अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. मुलांना दृष्ट लागली म्हणून कोणी मीठ-मोहऱ्या उतरवायला आलं, तर मी आधी थर्मामीटर आणायची.

हे मी माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे, अद्वैत आणि सईसाठी. दोघं कॅनडात असतात. मागच्या महिन्यात अद्वैतचा फोन आला, “आजी, डिसेंबरमध्ये येतोय. आजोबांचा ट्रक सुरू करू. मी इंजेक्टरपण शोधून ठेवलेत.” मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, जुना झालाय, ब्रेक धड नाहीत. तो हसला, “म्हणूनच तर दुरुस्त करायचाय ना!” त्याच्या आवाजात त्याच्या आजोबांचा उत्साह होता, आणि तो ऐकून मला रात्री झोप आली नाही. म्हणून आता खरं कारण लिहिते.

तुमचे आजोबा जबलपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर लोक देवधर्म करतात, यांनी मिलिटरीच्या लिलावातून एक जुना डिझेल ट्रक घेतला. हिरवा, उंच नाकाचा. रांझीतल्या आमच्या घराला लागून मोकळी जागा होती, तिथे पत्र्याची शेड घालून त्यात तो उभा केला. ट्रकचं नाक फाटकाकडे, पाठ मागच्या भिंतीला, आणि डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली. माणूस ट्रकखाली जाणार किंवा बाहेर येणार तो उजवीकडूनच. हे नीट लक्षात ठेवा.

त्या ट्रकने त्यांना काय आनंद दिला ते तुम्हाला कसं सांगू... दर रविवारी सकाळी स्टार्टर दाबायचे. आधी पांढरा धूर, मग करडा, मग धूर दिसेनासा व्हायचा आणि इंजिन एका लयीत धडधडायला लागायचं. हे डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. शेजारचे तिवारीजी गच्चीवरून ओरडायचे, “भाईसाहब, लड़ाई छिड़ गई क्या?” हे खालून म्हणायचे, “आप अभी तक भर्ती नहीं हुए?” मग आम्ही दोघं बरगीच्या रस्त्याने चक्कर मारून यायचो. इतक्या उंचावर बसल्यावर मला राणीसारखं वाटायचं, हेही सांगून टाकते.

बाकीचा रविवार दुरुस्तीचा. हे ट्रकखाली आणि मी शेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर, हातात लायब्ररीचं पुस्तक. खालून हात यायचा, “चौदाचा पाना.” मी पुस्तकातून डोकं न काढता पाना द्यायची. काही वर्षांत मी न बघता पाने ओळखायला लागले होते.

यांच्या सेक्शनमध्ये एक रिवाज होता, तो यांनी घरीही पाळला. गाडीखाली जाणाऱ्याने आधी आपलं लाल फडकं स्टिअरिंगला बांधायचं. फडकं दिसलं की खाली माणूस आहे असं समजायचं आणि गाडीला हात लावायचा नाही. आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं, दुसऱ्या कोणी नाही. एकदा म्हणे एक फिटर फडकं बांधलेलं विसरून जेवायला गेला, तर मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन तो परत येईपर्यंत गाडीपाशी उभे राहिले. ही गोष्ट हे इतक्या अभिमानाने सांगायचे, जणू स्वतःच तो फिटर होते.

थंडीतला रविवार होता. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीचा एक जॉइंट गळत होता, तो यांनी सकाळी खोलला होता. तुमचे बाबा, श्रीकांत, तेव्हा कॉलेजात होते. जॉइंट बसला की आज स्टिअरिंग तुझ्या हातात, असं यांनी त्याला कबूल केलं होतं.

मी स्वयंपाक आवरून, पुस्तक आणि दोन संत्री घेऊन बाहेर आले. स्टिअरिंगला लाल फडकं होतं. म्हणजे हे खाली आहेत. मी मोड्यावर बसून वाचायला लागले. खालून पान्याची टकटक चालू होती. थोड्या वेळाने हात बाहेर आला, ग्रीसने काळा झालेला. ग्रीसमध्ये सगळे हात सारखेच दिसतात.

“चौदाचा?” मी विचारलं.

लोखंडावर टकटक झाली. मी पाना दिला.

“अहो, श्रीला चालवू देणार ना? तो सकाळपासून भांग पाडून बसलाय.”

खालून फक्त पाना फिरल्याचा आवाज. काम करताना हे बोलत नसत, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग हात पुन्हा आला, पाना परत द्यायला. तो मी घेतला आणि वाचता वाचता थांबले. पाना स्वच्छ पुसलेला होता. आणि दांडा माझ्याकडे करून दिला होता, जशी कात्री देतात तसा. इतक्या वर्षांत यांनी मला पाना पुसून दिला नव्हता. माझ्या सगळ्या पुस्तकांवर यांच्या ग्रीसचे ठसे आहेत.

“आज काय विशेष?” मी हसून म्हटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. स्कूटर आत आली आणि स्कूटरवर... हे होते.

“घमापुरला गेलो होतो, वॉशर आणायला,” हे म्हणाले. “तू कोणाशी बोलून राहिली?”

मी पुस्तक ठेवलं आणि वाकून ट्रकखाली पाहिलं. कोणी नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती, वीट न् वीट. मी मोड्यावरून हलले नव्हते, आणि माझ्यासमोरून कोणी बाहेर आलं नव्हतं.

यांना आधी हसू आलं. “वाचता वाचता डोळा लागला तुझा.”

मी पाना पुढे केला. “हा तुम्ही पुसला होता?”

यांनी पाना बघितला. मग केबिनकडे बघितलं आणि हसणं थांबलं. सावकाश पँटच्या खिशात हात घालून यांनी आपलं फडकं बाहेर काढलं. स्टिअरिंगवर होतं ते दुसरंच. विटून विटेच्या रंगाचं झालेलं, तेलाने कडक, आणि गाठ अशी घट्ट की नखाने सुटू नये.

यांनी त्या फडक्याशेजारी आपलं बांधलं आणि खाली गेले. लगेच बाहेर आले.

“जॉइंट बसला आहे,” हे म्हणाले.

“मग बरंच झालं की.”

“अगं, वॉशर माझ्या हातात आहे. तिथे कोणाचा बसवला?”

दुपारभर यांनी गल्लीतल्या घराघरात चौकशी केली. कोणी मेकॅनिक आला होता का, कोणी गंमत केली का? कोणीच नाही. लिलावाच्या डेपोतही हे नंतर जाऊन आले. ट्रक कुठे कुठे फिरला, त्याचं काय काय झालं, ते तिथेही कोणाला सांगता आलं नाही.

त्या दिवशी यांनी आपलं फडकं सोडलं, दुसऱ्याला हात लावला नाही. ट्रक काही निघाला नाही. पुढच्या रविवारीही फडकं तिथेच.

श्रीकांतचा धीर सुटला. “बाबा, खाली कोणी आहे का? नाही ना? मग काहून थांबून राहिलो आपण?”

“ज्याने बांधलं त्याने सोडायचं.”

“तो कोण आहे तेच माहीत नाही! आयुष्यभर वाट पाहायची का?”

“नियम आहे, श्री.”

“ये क्या बात हुई! फॅक्टरी सुटली, नियम नाही सुटले तुमचे.”

मग मी मध्ये पडले. खोटं कशाला लिहू, मला श्रीकांतचं पटत होतं. मी म्हटलं, “अहो, पोरगं म्हणतं ते बरोबर आहे. एका चिंधीपायी किती दिवस...” हे ट्रकखाली वाकले, सगळीकडे टॉर्च फिरवला, उठले आणि मान हलवली. खाली कोणी नव्हतं. मीही वाकून पाहिलं होतं, श्रीकांतनेही.

श्रीकांतने कात्रीने गाठ कापली, फडकं भिंतीपलीकडच्या नाल्यात फेकलं आणि सीटवर बसला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी फाटक उघडून उभी होते, हे माझ्याजवळ. ट्रक हलला. आणि मागचं चाक कशावर तरी चढलं.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. शेडमध्ये सपाट सिमेंट होतं, मी रोज झाडायची. त्या सपाट सिमेंटवर मागचा भाग एका बाजूने हळूच उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि खाली आला. दगडावर चढलेलं चाक असं उतरत नाही. चाकाखाली होतं ते मऊ होतं.

श्रीकांतने स्टॉपची खुंटी ओढून इंजिन बंद केलं. तो खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. “आई, कोण होतं? आई, मी कोणाला...” हे गुडघ्यांवर बसून ट्रकखाली सरकले. मी श्रीकांतला धरून उभी होते.

खाली काहीच नव्हतं. माणूस नाही, मांजर नाही, तेलाचा थेंबसुद्धा नाही.

तुमचे बाबा अजून स्वतः गाडी चालवत नाहीत. तुम्ही त्यावरून त्यांची थट्टा करता. यापुढे करू नका.

आम्ही तिघांनी ट्रक ढकलून पुन्हा शेडमध्ये लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले तर स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं नाही, यांनी आपलं बांधलं असेल असं धरून चालले. आता ट्रक चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं असेल, आणि त्यावर बोलायची माझी हिंमत नव्हती. ट्रक चालवणं खरंच थांबलं. हे काचा पुसायचे, चाकांत हवा भरायचे, पण खाली कधी गेले नाहीत. रविवारी सकाळी चहा घेऊन शेडकडे तोंड करून बसायचे. एका माणसाचा आनंद संपताना मी पाहिला, आणि मला काही करता आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, हे आजारी असताना, एकदा म्हणाले, “तू ते फडकं परत बांधलं, ते बरं केलं.”

“मी? मला वाटलं तुम्ही बांधलं.”

श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, “आई, मी त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही.”

हे गेल्यानंतर मी ट्रक भंगारात द्यायचं ठरवलं. भर दुपारी एक कबाडी आपली दोन माणसं आणि गॅस कटर घेऊन आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? त्याने ट्रकभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, माणसांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे आला.

“अम्माजी, पहले अपने मिस्त्री को बाहर बुलाइए। हम आवाज़ दे रहे हैं, सुनता ही नहीं।”

“हमारा कोई मिस्त्री नहीं है भैया.”

“अरे, लेटा तो है नीचे!”

मी गेले. या वयात वाकता येत नाही, काठी धरून खाली बसले. मला कोणी दिसलं नाही. कबाडी पुन्हा वाकला, डोळे चोळले, आणि माणसांना घेऊन निघून गेला. कटरची नळी शेडमध्येच राहिली. ती न्यायलाही कोणी आलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. इथल्या वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी शांतपणे वाचेन. विश्वास ठेवते की नाही, हेही मला आता ठामपणे सांगता येत नाही.

अद्वैत, तू डिसेंबरमध्ये ये. ट्रक बघ, फोटो काढ. पण इंजेक्टर आणू नकोस. गाडी सुरू करण्याआधी खाली कोणी नाही याची खात्री हवी, एवढी साधी गोष्ट आहे. आम्ही तिघांनी ती खात्री केली होती, आणि तरी चाक चढलं. ती खात्री आता मला कोणी देऊ शकत नाही. म्हणून मी आहे तोवर त्या स्टार्टरला हात लागणार नाही. आणि मी नसेन तेव्हाही, बाळा, माझं ऐक.